छठीच्या दुधाची रेघ

भाद्रपदातल्या छठीला, म्हणजे षष्ठीला, जयपुरातल्या खातीपुऱ्यात रामटेक्यांच्या घरी सकाळचा चहा कोरा असतो. कोपऱ्यावरच्या दुकानात पिशवीचं दूध मिळतं, पण दशरथ रामटेके ते पीत नाहीत. सबंध नोकरीभर इंजिन चालवताना कुठल्याही फलाटावरचा कसलाही चहा ज्याला चालला, तो माणूस निवृत्त झाल्यावर दुधाच्या बाबतीत एवढा सोवळा कसा झाला, हे त्यांच्या बायकोला, गौतमीला, अजून कळलेलं नाही.

कजोड गुर्जर छठीला दूध विकत नाही. चौमूच्या पलीकडे नांगल खोह नावाचं त्याचं गाव आहे. तिथून तो रोज पहाटे मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवून निघतो आणि साडेसहाला रामटेक्यांच्या दारात असतो. "छठीचं दूध देवनारायणाचं, मॅडमजी," असं त्याने पहिल्या वर्षी सांगितलं होतं. देवाचं म्हणजे पुढे त्या दुधाचं काय होतं, हे गौतमीने एकोणीस वर्षांत विचारलं नव्हतं.

न विचारलेली आणखी एक गोष्ट होती. दूध घालताना कजोडजी माप तिच्या पातेल्याला टेकू देत नसे. दारासमोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे. पहिल्याच दिवशी कजोडजीने तो पाहिला आणि तो पाहतोय हे गौतमीने पाहिलं. तेव्हापासून माप आणि पातेलं यांच्यामध्ये एक वीत अंतर. वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्या अनुयाताईंच्या पातेल्यात माप चांगलं कडेला टेकवून निथळलं जातं, हे तिने एकदा जिन्यातून जाताना बघितलं होतं. गौतमी रेल्वेत ड्राफ्ट्समन होती. अंतरं नजरेने मोजायची तिला सवय होती. नऊ इंच. दूध मात्र चांगलं होतं, कधी नासलं नाही. तिने गवळी बदलला नाही.

गौतमीचे वडील तुमसरजवळच्या एका स्टेशनावर गँगमन होते. तिच्या आईच्या गावामागे एक टेकडी होती. उन्हाळ्यात मुली तिथे टेंभरं वेचायला जात, गावची गुरं तिथेच चरत. टेकडीत मॅंगनीज निघालं. गौतमी शाळा संपवून बाहेर पडली तोवर टेकडीच्या जागी खड्डा होता आणि आईच्या गावातल्या घरांची कौलं काळी झाली होती. ती टेकडी कोणाची, हे कुठल्याही कागदावर नव्हतं. गावाला माहीत होतं, एवढंच.

विसाव्या वर्षी ती नागपूरला ट्रेसर म्हणून लागली. तिचे पहिले साहेब वसंतराव. ते चष्मा कपाळावर चढवून नकाशा नाकाला लावत आणि म्हणत, "पोरी, ही रेघ कोणी चाललंय का? नसेल चाललं तर खोड." लग्नानंतर ती बदली घेऊन जयपूरला आली. इथेच दोन मुलं झाली. मोठा संकल्प पुण्याला गेला, धाकटी मयूरी सीतापुऱ्यात एका कपड्यांच्या निर्यात कंपनीत लागली. दोन वर्षांपूर्वी गौतमी निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी तिला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पेनांचा जुना संच आणि पितळी मोजपट्टी तिने स्वतःच मागून घेतली.

गेल्या श्रावणात एका सकाळी कजोडजीने दूध घातलं, कॅनचं झाकण लावलं आणि तो तिथेच उभा राहिला.

"काय हो?" गौतमीने विचारलं.

"मॅडमजी, तुम्ही रेल्वेत नकाशे काढायचात ना?"

"काढायचे."

"आमचा एक काढून द्या."

"तुमचा म्हणजे कशाचा?"

"डोंगराचा." त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला आणि दारातल्या स्टुलावर ठेवला. तिच्या हातात दिला नाही. कागद सरकारी नोटिशीचा होता. नांगल खोहच्या मागच्या डोंगरावर एका कंपनीला दगडाची खाण आणि क्रशर हवा होता. पुढे जमिनीचे क्रमांक होते, रांगेने अठरा. कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत कळवावी. सरकारी दप्तरात त्या डोंगराचं नाव होतं 'गैर मुमकिन पहाड'. म्हणजे जिथे पेरता येत नाही अशी, कोणाचीच नसलेली जमीन.

"पण ती तर आमची बणी आहे," कजोडजी म्हणाला. "देवनारायणाची. तिथे कुऱ्हाड चालत नाही. वाळकी फांदीसुद्धा कोणी घरी नेत नाही. गुरं चरतात, बस. कचेरीत गेलो तर साहेब म्हणतात, बणी आहे तर सीमा दाखवा. मोजलेला नकाशा, जाणकाराच्या सहीनिशी. आम्ही म्हटलं, सीमा तर दर छठीला दुधाने आखतो. ते हसले."

"दुधाने?"

"दुधाची कार, म्हणजे रेघ, देतो, मॅडमजी. सगळ्या बणीभोवती, आठ किलोमीटर. छठीचं दूध तिथेच तर जातं."

एकोणीस वर्षांचा कोरा चहा कुठे सांडत होता, ते असं कळलं.

तो गेल्यावर दशरथ वर्तमानपत्रामागून म्हणाले, "एकोणीस वर्षांत त्यानं आपल्या घरचं पाणी नाही पेलं, अन् तू त्याच्यासाठी डोंगर मोजाले जाऊन राहिली!"

"मी डोंगर मोजायला जाऊन राहिली. त्याला नाही."

"मम्मी, मतलब तू खरंच जाणार?" डबा भरता भरता मयूरी म्हणाली. "आठ किलोमीटर? तुझे घुटने?"

"गुडघे म्हण."

"हां, तेच. ते दुखतील तर मला नको बोलूस."

पण जाण्यापूर्वी तिनेच आईच्या फोनमध्ये चाललेली वाट नोंदवणारं अॅप टाकून दिलं.

*

छठीला सकाळी गौतमी नांगल खोहला पोचली तेव्हा निंबाखालच्या देवळापाशी गाव जमलं होतं. देऊळ म्हणजे एक ओटा आणि त्यावर उभ्या लावलेल्या विटा. हरसहायजी म्हणून सर्वांत वडीलधारे पंच होते. त्यांच्या हातात पितळेची कळशी. तिच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात गवताची काडी घातलेली. काडीवरून दूध सुतासारखं खाली गळत होतं. कळशी रिकामी होत आली की मागचे लोक आपापल्या चरव्यांतून भर घालत. सगळे अनवाणी. बायका मागून गात चालल्या होत्या. दुधाचा धागा दगडांवरून, गवतावरून, धोक नावाच्या झाडांच्या बुंध्यांना घासून पुढे जात होता आणि गौतमी त्याच्यापासून दहा पावलं बाजूने, पायात कापडी बूट घालून, हातात वही घेऊन चालत होती. देव त्यांचा, रेघ आपली, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

काम तिला आवडत होतं. दर वळणाला ती थांबे, खूण लिही, मोठे दगड आणि जुनी झाडं टिपून घेई. माणसं इतक्या नेमकेपणाने एकाच वाटेने चालतात हे पाहून तिला व्यावसायिक आनंद झाला. वसंतरावांनी एकही रेघ खोडली नसती.

तिसऱ्या बाजूला मात्र मिरवणूक अचानक डावीकडे वर वळली. सरळ पायथ्याने जाणारी चांगली मळलेली वाट होती. ती सोडून सगळे काट्यांतून, सुट्या दगडांवरून चढायला लागले. म्हातारे हरसहायजी दोनदा घसरले. दहा मिनिटं धापा टाकत चढून सगळे पलीकडच्या अंगाने पुन्हा पायथ्याच्या त्याच वाटेला येऊन मिळाले.

"इथे खालून का नाही गेलो?" गौतमीने विचारलं.

"इथे असंच जातात, मॅडमजी," कजोडजी म्हणाला आणि पुढे गेला.

वर असताना तिने खाली पाहिलं होतं. एक सपाट पट्टा, मातीचा बांध घालून अडवलेलं तळं, ज्याला तिकडे जोहड म्हणतात, पंचवीस-तीस बकऱ्या. बांधावर पिवळ्या ओढणीतली एक बाई बसली होती. पलीकडे दहाबारा घरं, आणि एका घरावर निळा झेंडा. बाईने हात वर केला. गौतमीनेही केला. मग वहीत लिहिलं: 'खाली तळं, बकऱ्या. रेघ वरून.'

धर्माची गोष्ट आहे म्हणून तिने पुन्हा विचारलं नाही. आणि विचारलं तर काय उत्तर येईल ते तिला माहीत होतं, म्हणूनही विचारलं नाही.

दोन दिवस घरातलं जेवणाचं टेबल नकाशाखाली गेलं. दशरथांनी पलंगावर बसून जेवताना दोनदा चादरीवर वरण सांडलं आणि दोन्ही वेळा दोष नकाशाला दिला. तिसऱ्या दिवशी कजोडजी नकाशा घेऊन गेला. त्याच संध्याकाळी त्याने फोनवर फोटो पाठवला. ग्रामसभा भरली होती, नकाशाच्या कडेला अंगठे आणि सह्या दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि खाली कोपऱ्यात तिची बारीक, सरळ सही. फोटो तिने तीनदा मोठा करून पाहिला. निवृत्तीच्या घड्याळापेक्षा हे तिला जास्त आवडलं होतं.

चूक सापडली ती मयूरीमुळे. कंपनीने मागितलेल्या जमिनीचा नकाशा सरकारी संकेतस्थळावर इंग्रजीत होता. गावात कोणी तो पाहिला नव्हता. सगळ्यांनी नोटिशीतले आकडेच वाचले होते. मयूरीने तो ऑफिसात मोठा छापून आणला.

"घे मम्मी, तुझ्या नक्शासोबत ठेवायला," ती म्हणाली. "फाईलमध्ये छान दिसेल."

गौतमीने आपल्या नकाशाची प्रत आणि तो कागद बाल्कनीच्या काचेवर एकावर एक धरले. सकाळचं ऊन मागून येत होतं. मोजमाप सारखं करायला तिला पाच मिनिटं लागली. 

तिच्या रेघेला तिसऱ्या बाजूला आत गेलेली एक खोबण होती. कंपनीचा पहिला टप्पा त्या खोबणीत चपलेत पाय बसावा तसा बसला होता. तळं आणि बकऱ्यांचा पट्टा त्यात येत होता, आणि पिवळ्या ओढणीवाल्या बाईची वस्ती खाणीच्या तोंडाशी. कंपनीने डोंगरावरची देवाची जमीन आधीच सोडून दिली होती. आता गावच सह्यांनिशी लिहून देणार होतं की देवाची जमीन नेमकी किती, आणि उरलेलं कोणाचं नाही.

दशरथांनी चष्मा लावून दोन्ही कागद पाहिले. ते नेहमीप्रमाणे ओरडले नाहीत. "म्हणजे तू त्याईले कंपनीचाच नकाशा काढून देला," ते म्हणाले.

हरकतीच्या मुदतीचे दोन दिवस उरले होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गौतमी नांगल खोहला गेली. या वेळी ती आधी खाली तळ्यावर गेली. पिवळ्या ओढणीवाली बाई तिथेच होती. तिचं नाव धापू बैरवा. आईबापांना चौथी मुलगी झाली तेव्हा 'आता पुरे' या अर्थाने ठेवलेलं नाव.

"तुम्ही त्या दिवशी बूट घालून चालत होतात," धापू म्हणाली. "मी म्हटलं, ही कोण, पोलीस का?"

"नकाशेवाली."

"मग खाली का नाही आलात?"

"रेघ वरून गेली."

"रेघ वरूनच जाते," धापू म्हणाली. "माझी सासू लग्न होऊन आली तेव्हाही वरूनच जात होती. आमच्या बकऱ्या इथे, आमचं मसण त्या बाभळींपाशी, हा बांध आम्ही दर वर्षी लिंपतो. पण दूध इकडे उतरत नाही. त्याला उतार चालत नसेल."

गौतमीने पिशवीतून दोन्ही कागद काढले, एका दगडावर एकमेकांवर ठेवून तिला दाखवले. धापूला वाचता येत नव्हतं, पण तळ्याची गोल खूण तिने लगेच ओळखली आणि तिच्यावर बोट ठेवलं. बोट बराच वेळ उचललं नाही.

निंबाखाली पंच जमले. गौतमीने त्यांनाही दाखवलं. हरसहायजींनी कागदाकडे पाहिलंच नाही. "कंपनीवाले बोलले होते, देवाला हात लावणार नाही. देवाचं वाचलं. तुम्ही नकाशा चांगला काढला, बाईजी. आता बदलायचा कशाला?"

"चुकीचा आहे म्हणून."

"चुकीचा कसा? जशी कार, तसा नकाशा."

"हो, तसाच आहे. पण तुमचा जो डोंगर आहे, तो एवढाच नाही. मी सही केली ती गावाच्या हद्दीवर. ही गावाची हद्द नाही, अर्ध्या गावाची आहे. माझी सही मी काढून घेते. सहीशिवाय द्यायचा तर द्या."

हे ती फार मोठ्याने बोलली नाही. कचेरीतल्या सवयीने, कागदाच्या घड्या घालत बोलली.  कजोडजी जमिनीकडे बघत होता.

"मॅडमजी," तो अखेर म्हणाला, "कार छठीलाच देतात. छठ होऊन गेली. न दिलेल्या कारेची रेघ तुम्ही काढाल?"

"नाही काढणार. चाललेलीच काढेन."

"मग झालं," हरसहायजी म्हणाले.

तेव्हा ओट्याच्या मागून कजोडजीच्या बायकोचा आवाज आला. तिचं नाव नाथी. चेहऱ्यावर घुंघट, आवाजावर नाही. "जेठात वरचं पाणी आटतं तेव्हा आपल्या गायी कुठे पितात, ते विचारा कोणीतरी."

कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. जेठ लागला की गावच्या गायी धापूच्या तळ्यावर जात.

"गायी तिथलं पाणी पितात आणि त्यांचं दूध तिथे जात नाही," नाथी म्हणाली. "सुरुंग लागला की बांध फुटेल. मग जेठात गायींना कारेचं दूध पाजा."

"तू गप्प बस," कजोडजी म्हणाला.

"बसते. पण हे छठ-छठ काय चाललंय? रोज शहरात नेताना कॅनमध्ये विहिरीचं पाणी घालता, ते चालतं ना देवाला?"

दोघेतिघे हसले. कजोडजीने चोरट्या नजरेने गौतमीकडे पाहिलं. गौतमी दुसरीकडे बघत होती.

पंचांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हरसहायजी उठून घरी गेले, याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या परीने लावला. देवाची कळशी ते बरोबर घेऊन गेले होते. तेवढं मात्र स्पष्ट होतं.

गौतमी खाली तळ्यावर आली आणि धापूला म्हणाली, "चालावं लागेल. दूध लागेल."

"आमच्याकडे बकरीचं आहे."

"मला चालेल."

"देवाला?"

"ते तुम्ही ठरवा."

धापूने थोडा विचार केला. "डोंगरावर त्याचा पाला खाऊनच तर दूध येतं," ती म्हणाली. "त्याचंच त्याला."

वस्तीतल्या बायकांनी दुपारभर धारा काढल्या. पितळेची कळशी नव्हती. थंड पेयाच्या दोन लिटरच्या बाटलीच्या बुचाला धापूने सुईने भोक पाडलं. बाटली उलटी धरली की दुधाचा धागा बरोबर पडत होता. छठीच्या मिरवणुकीने जिथे डावीकडे वळण घेतलं होतं तिथून त्या चारच्या सुमाराला निघाल्या आणि सरळ पायथ्याच्या मळलेल्या वाटेने चालू लागल्या. गाणं कुठलं म्हणायचं यावर थोडा वाद झाला. शेवटी लग्नातलं एक म्हटलं. गौतमीने बूट काढले नाहीत, पण या वेळी ती बाजूने चालली नाही. फोन हातात घेऊन धाग्याच्या मागोमाग चालली, कारण वाट अरुंद होती.

वरच्या अंगाला, कारेच्या जुन्या वाटेवर, पाचसात पुरुष उभे राहून पाहत होते. कोणी खाली आलं नाही आणि कोणी हटकलंही नाही. कजोडजी तेवढा मोटारसायकल ढकलत वाटेने येत होता. संध्याकाळचं दूध केंद्रावर घालायला निघालोय, असं त्याने न विचारता सांगितलं. केंद्र उलट्या दिशेला होतं.

मसणातल्या बाभळी आत घेतल्या, बांध आत घेतला, वस्तीची मागची बाजू आत घेतली. बकऱ्या मात्र कमी आणि वाट लांब. जुनी वाट पन्नासेक पावलांवर दिसत असताना बाटलीतून शेवटचे चार थेंब पडले. धापूने बाटली हलवून पाहिली, झाकण उघडून पुन्हा हलवली.

"संपलं," ती म्हणाली.

गौतमी थांबली. फोनमधल्या रेघेला त्या पन्नास पावलांवर दूध असो वा नसो, काही फरक पडणार नव्हता. पण ती चालली नाही. ज्यांची हद्द, त्यांच्या रीतीने ती मिळायला हवी होती. नाहीतर उद्या हरसहायजीच पहिल्यांदा म्हणाले असते की ती जोडलेलीच नाही.

वरचे पुरुष पाहत होते. बायका कजोडजीच्या कॅनकडे पाहत होत्या. आधी सरळ नाही, मग सरळ.

"छठ नाही आज," कजोडजी म्हणाला.

"आम्हाला कुठे छठ होती कधी?" धापू म्हणाली.

कजोडजीने मोटारसायकल उभी केली. कॅनचं झाकण फिरवायला त्याला वेळ लागला. रोज फिरवणाऱ्याला लागू नये इतका. मग त्याने माप बुडवलं, ज्याने तो खातीपुऱ्यात दूध घालतो तेच, आणि पुढे होऊन स्वतःच ओतत चालायला लागला. तीन मापं लागली. जुन्या वाटेवर पोचताच त्याने माप झटकलं, झाकण लावलं आणि कोणाशी न बोलता मोटारसायकल वळवून निघून गेला. पन्नास पावलांना पुरेल तेवढं दूध त्याने दिलं. एक थेंब जास्त नाही.

रेघ मिळाली. गौतमीने वहीत वेळ लिहिली, पाच वाजून दहा मिनिटं.

त्या रात्री गावातल्या शाळेच्या वर्गात फरशीवर कागद पसरून, गुडघ्यांखाली धापूची गोधडी घेऊन तिने खोबण भरून काढली. सकाळी पुन्हा अंगठे झाले. या वेळी बैरवा वस्तीचेही झाले, आधीच्या कागदावर ते घ्यायचं कोणाला सुचलं नव्हतं. हरसहायजींनी अंगठा दिला नाही. त्यांच्या मुलाने सही केली. चालतं.

कचेरीतल्या साहेबांनी नकाशा दोन्ही हातांनी धरून पाहिला. "या खालच्या भागात तर देऊळबिऊळ काही नाही," ते म्हणाले. "हीसुद्धा बणी?"

"देऊळ मी नाही काढलं," गौतमी म्हणाली. "हद्द काढली. चालून बघा."

त्यांनी चालून बघितलं नाही, पण शिक्का मारला. पुढे जागेवर जाऊन तपासणी करावी असा शेरा पडला. तपासणीला साहेब दोनदा आले. खाण द्यायची की नाही, याचा निर्णय अजून व्हायचा आहे. डोंगरावर कंपनीच्या माणसांनी लाल रंगाने केलेल्या खुणा तशाच आहेत, आणि यंत्र आलेलं नाही.

शिक्का मिळाला त्याच्या दुसऱ्या सकाळी कजोडजी खातीपुऱ्यात साडेसहाला आला. गौतमीने पातेलं पुढे केलं. त्याने दूध घातलं. माप आणि पातेलं यांच्यातलं अंतर तेवढंच होतं. दूध कदाचित थोडं दाट होतं. दशरथ तसं म्हणाले, पण त्यांना नाथीचं बोलणं सांगितलेलं होतं, त्यामुळे त्यांच्या जिभेचा भरवसा नाही.

यंदाच्या छठीला दूध आलं नाही. गौतमीने कोरा चहा केला. दशरथांनी पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "आणखी किती वर्षं त्या देवाले आपला चहा द्यायचा?"

 गौतमी स्वतः या वेळी गेली नव्हती, गुडघे खरंच दुखत होते. मोबाईल चहाच्या कपाशेजारी ठेवून ती बसली होती. सकाळपासून तीन वेळा तिने तो उलटा करून पुन्हा सुलटा केला होता. दुधाची कळशी तिसऱ्या बाजूला किती वाजता पोचते, हे तिच्या वहीत होतं. साडेदहा. पावणेअकरा झाले. अकरा झाले.

सव्वाअकराला धापूचा फोन आला. मागे बायकांचं गाणं ऐकू येत होतं, लग्नातलं नव्हे, दुसरं.

"आले का खाली?" गौतमीने विचारलं.

"आले," धापू म्हणाली. "दूध पातळ होतं, मॅडमजी. पण आले."